काकांचा सदरा

दवाखान्यात शेजारी दोन बायका बोलत होत्या. माझं नामस्मरण आपोआप थांबलं.

"काकू, काका गेल्यावर जपून ठेवलेला सदरा गोधडीत?"

"सुनेनं जुना समजून चर्चमध्ये दिला. आमच्या ल्यूथरन महिला मंडळाचं माहीतच आहे, कापड दिसलं की कात्री!"

"मग उसवून मागायचा!"

"मागायलाच गेले होते रविवारी. परदेशी गरजूंना पाठवायच्या गोधड्या बाकांवर अंथरलेल्या, पाळकसाहेब त्यांवर आशीर्वादाची प्रार्थना करत होते. ह्यांचा खिसा वरच दिसला."

"मागितलात?"

"उठले होते गं. पण उभ्या जन्मात ह्यांनी गावाची वेस ओलांडली नाही. आता निर्वासितांच्या छावणीत निघालेत, तेही बोटीनं! म्हटलं, जाऊ दे."

"तिथं बर्फ पडतो म्हणे. काकांना तर थंडी सोसायची नाही."

"म्हणून तर काल आतून जाड अस्तर लावून आले."