उंदीर, सल्ला आणि युद्ध

(जयपूर, १९६३. दुर्गापुऱ्यातल्या एका घराची ओसरी. जर्मनचे निवृत्त प्राध्यापक नागनाथ धुतलेला डबा घेऊन आले आहेत. समोर त्यांच्या दिवंगत मित्राची पत्नी, विजयमाला.)

विजयमाला : उंदीर?

नागनाथ : इंग्रजांचा उंदीर, वहिनी. आर, ए, टी. जर्मन माणूस तीच तीन अक्षरं वाचतो, त्याला दिसतो सल्ला. सर्बियातल्याला दिसतं युद्ध.

विजयमाला : इतक्या लांब कशाला? आमच्या लेकाच्या, राजनच्या घरी तिन्ही एकाच खोलीत नांदतात.

नागनाथ : त्यातला उंदीर कोण?

विजयमाला : लग्नाआधी राजन तसा नव्हता हो.

नागनाथ : म्हणजे शब्द आवडला.

विजयमाला : परवाच्यापेक्षा बरा आहे.

नागनाथ : शेजारचा डबा रिकामा परत करू नये, म्हणून एक शब्द आणतो. स्वयंपाक येत असता तर वड्या आणल्या असत्या.

विजयमाला : आणल्या होत्यात की. हे गेले त्या महिन्यात. त्यातली एक अजून मागच्या दाराला अडण म्हणून आहे.

नागनाथ : तेव्हापासून शब्दांवर आलो. बरं, आज काय भरताय डब्यात?

विजयमाला : आज नाही भरत.

नागनाथ : एकादशी?

विजयमाला : शेगडी बांधून टाकली. राजनचा ट्रंककॉल आला होता. उद्या सकाळच्या गाडीनं त्याच्याकडे नागपूरला. कायमची.

नागनाथ : कायमची म्हणजे...

विजयमाला : युरोपात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक. मराठीत एकच अर्थ होतो.

नागनाथ : छान. तिथं चहूकडे मराठी कानावर पडेल.

विजयमाला : आणि तुमच्या कानावर?

नागनाथ : दूधवाला भैया शिकतोय ना. ‘पाणी कमी घाल’ हे त्याला आता समजतं. पटत नाही, एवढंच.

विजयमाला : भावजी, इकडे बघून बोला.

नागनाथ : हा डबा कुठं ठेवू?

विजयमाला : ठेवा कुठंही. मला एक विचाराल?

नागनाथ : काय?

विजयमाला : ‘राहता का’ म्हणून.

नागनाथ : राहणार आहात?

विजयमाला : नाही म्हणणार आहे. तरी विचारा.