लाल शाईनं परत धाडलेली पत्रं

बसा पावणं, लिहून घेणार म्हंता तर घ्या, पर माझ्यात लिव्हण्याजोगं काय हाय? मी मूळचा नेसरीचा, शेतकऱ्याच्या पोटचा, इंग्रजी शिकलो ते निबंध पाठ करून, आन् तेवढ्या जोरावर कोल्हापुरात इंग्रजीचा मास्तर झालो. सारा जल्म वह्या तपासण्यात गेला. पोरं मला भ्यायची, मला वाटायचं मान देत्यात.

बायको लवकर गेली, लेक शालन तवा धा वर्सांची. घरात दोघंच, ती आन् मी. मॅट्रिक झाल्यावर ती नर्सिंग शिकायला मुंबईला निघाली, तवा ष्टँडवर मी बजावलं, पत्र इंग्रजीतनंच लिव्हायचं, मी तपासून परत धाडीन, तिकडं इंग्रजीबिगर कोण इचारत न्हाय. ती म्हणाली, व्हय आण्णा.

पैली पत्रं आली ती अगदी माझ्या फळ्यावरची. मी खुशाल हाय, तुमी खुशाल असाल अशी आशा करते, हवा बरी हाय. चूक एक न्हाय. मी वर्गात वाचून दाखवायचो. मग पत्रं लांबत गेली तशा चुका वाढल्या. मेसची पातळ डाळ, कडक मेट्रनबाई, दिवसभर उभं ऱ्हाऊन सुजल्यालं पाय, हे कुठलं माझ्या फळ्यावर असायला? ती आपल्या मनानं वाक्यं जुळवायची, आतनं मराठी डोकवायची. मला वाटलं, पोरगीची इंग्रजी बिघडली. काय सांगू तुम्हाला, ती तवाच खरी शिकत हुती, आन् हे मास्तरलाच ठावं न्हवतं.

एकदा चार पानी पत्र आलं. तिच्या वार्डातली एक म्हातारी तिचा हात धरून वारलीती, तवापास्नं शालनला जेवण जाईना, झालेलं आन् चाललेलं सगळ्या काळांची खिचडी करून लिव्हलंतं, आन् शेवटाला, आण्णा, मी घरला येऊ का? मी पेन घेऊन बसलो, पैल्या वळीपास्नं शेवटच्या वळीपतूर लाल केलं, खाली शेरा मारला, प्रगती हाय, काळाकडं लक्ष दे, आन् टाकलं की टपालात. ये म्हणायचं ऱ्हायलंच. इसरलो न्हाय हो, मी वाचलंच न्हवतं, मी नुसत्या चुका बघत हुतो.

लई दिवस पत्र न्हाय. मग आलं, सहा वळींचं. मी खुशाल हाय, हवा बरी हाय.

तिकडंच नोकरी लागली, तिकडंच लगीन केलं, आता दिल्लीला असती. लग्नाला गेलतो, पाया पडली, जेवाय वाढलं, कशाला नावं ठेवू? पत्र येतं म्हैन्याला, वकिलानं लिव्हावं असलं. मनातलं लिव्हलेली पत्रं मीच परत धाडली, घरात त्यातलं एक बी न्हाय.

रिटायर झाल्यापास्नं घर खायला उठतंय. म्हून गेल्या म्हैन्यात जल्मात पैल्यांदा तिला मराठीतनं लिव्हलं, शालन, घरला ये, आण्णाला करमंना. परवा उत्तर आलं, इंग्रजीतनंच. बोलावल्याबद्दल आभार मानल्यात, रजा मिळणं अवघड हाय म्हून खेद कळीवलाय. चार डाव वाचलं की मी, कुठं एकादी चूक सापडती का बघाय. एक बी न्हाय.

जाऊ दे. जिथं हाय तिथं सुखात ऱ्हाऊ दे पोर.