सोफ्यावरची जागा

फोटो छापून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे छायाचित्रणाचे शिक्षक आणि त्यांची विद्यार्थिनी उभे होते.

“परीक्षेला हा चालायचा नाही. आई कडेला, निम्मा सोफा ओस!”

“मी मधोमधच बसवते, सर. तीच सरकते.”

“मग कॅमेरा वळव. हात बांधलेत का?”

“वळवला, की पुन्हा सरकते. म्हणते, बाबांना जागा नको का?”

“मग बाबांनाही बसव की!”

“बाबांना जाऊन वर्ष झालं, सर.”

“अरेरे. माहीत नव्हतं गं मला.”

“हा कालचा बघा.”

“वा! बरोब्बर मधोमध. समजावलंस वाटतं आईला?”

“नाही. म्हणाली, आता सरकायला नको, ते तुझ्या मागे उभे राहून बघतायत.”

“तुझ्या मागे?”

“सर, पुढचा फोटो तुम्ही काढाल?”