‘तो’ म्हणजे किसनमामा

हॅलो? … हॅलो, कोण? … अय्या, जिज्ञासा! हा कुणाचा नंबर? … पप्पांचा होय. मला वाटलं कुठली तरी बँक. … नाही गं, भूगोल करत बसले होते, सुटले बाई. बोल.

… किती? … चाळीस हजार? अगं, चाळीस हजार लोकांनी माझ्या आईला पाहिलं? एवढे लोक तर तिला बदलापूरला पण ओळखत नाहीत!

… हो, पाहिली ना रील. आमच्या अख्ख्या चाळीनं पाहिली. … छान? हो, म्हणजे ते ढगातून ऊन येतं ते छान आहे. व्हायोलिन पण छान. पण जिज्ञासा, ऐक ना… नाही, व्ह्यूज राहू दे. तू त्यातून किसनमामाला का कापलंस?

… कोण म्हणजे? अगं, तूच हातात मोबाइल धरून घेतलंस ना शूटिंग! आई चौदा मिनिटं बोलली. त्यातली अकरा मिनिटं किसनमामाच होता. आमच्या मागच्या खोलीतला, रिक्षावाला. … सख्खा नाही गं. आईला ताई म्हणतो, म्हणून आमचा मामा.

… हो, आई स्वतःहून आली साक्ष द्यायला, मी कुठं नाही म्हणतेय? पण तिला वाटलं काय, माहितीये? … हसू नकोस हं. तुमच्यात देवानं काय केलं ते सांगतात, त्याला साक्ष म्हणतात, हे तिला कुठं माहीत? तिला वाटलं पंचनाम्याची साक्ष! … देवाशप्पथ! तुझे पप्पा म्हणाले ना, संजीवनीताई, रविवारी प्रार्थनेच्या हॉलवर येऊन साक्ष द्या. झालं. आई रेशन कार्ड घेऊन, लाइट बिलाची झेरॉक्स घेऊन उल्हासनगरला हजर. माइक दिल्यावर तिनं सुरूच केलं. पुराचं पाणी घरात पाच फूट दोन बोटं. शिलाई मशीन एक, बुडालं. जीन्सचे खिसे अडीचशे, शिवून तयार, वाहून गेले. आणि तुमची माणसं प्रत्येक वाक्याला हालेलुया! घरी येऊन मला विचारते, माया, माझं मशीन बुडालं तर त्या लोकांना एवढा आनंद का गं झाला?

… हस, हस. मी पण हसले होते. पण आता नाही हसू येत.

… कारण किसनमामा आईशी बोलत नाही. चार दिवस झाले.

… अगं, तुला पूर्ण माहीतच नाही. थांब, सांगते. त्या दिवशी नदीचं पाणी बघता बघता चाळीत शिरलं. मी क्लासला, अंबरनाथला, तुझ्याच शेजारी बसलेली. आई घरात एकटी, मशीन खाटेवर चढवत होती. दार पाण्यानं असं दाबलं की उघडेचना. किसनमामाची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. चालू होती, जिज्ञासा. सरळ वर हायवेला काढली असती तर वाचली असती. पण त्यानं ती तिथंच सोडली, ट्रकची ट्यूब घेतली आणि मागच्या खिडकीचे गज वाकवून आईला बाहेर काढलं. तोवर रिक्षाचं नुसतं टप दिसत होतं. आता भाड्याच्या रिक्षेवर जातो.

… हो ना. आणि तुझ्या रीलमध्ये काय आहे? ‘तो आला. त्यानं मला हात दिला. तो नसता तर मी आज नसते.’ मोठ्या सोनेरी अक्षरात, वर ढगातून ऊन. अगं, ‘तो’ म्हणजे किसनमामा!

… नाही, तू मुद्दाम केलंस असं मी म्हणतच नाही. पण रिक्षा स्टँडवर सगळ्यांनी त्याला रील दाखवली. त्यांनी काय काय चिडवलं असेल ते तूच समज. संध्याकाळी दारात आला, आत नाही आला हं, चहा नको म्हणाला. एवढंच बोलला, ताई, देवच आला होता, तर मी कशाला भिजलो? आणि गेला. आई रात्री जेवली नाही.

… रडू नकोस गं. ए… जिज्ञा, रडायचं काय त्यात?

… साठ सेकंदांत बसत नव्हतं? मग ऊन कापायचं ना! … काय? परत सांग. … आधी तू ठेवलं होतंस त्याचं नाव? मग? … पप्पा काय म्हणाले? … ‘साक्ष देवाची असते, रिक्षावाल्याची नाही’ …

… बरं. पप्पा आहेत का तिथं? … दे ना त्यांना. … नाही भांडणार. … अगं, शप्पथ, नीट बोलेन. दे.

… नमस्कार अंकल. माया. … हो, संजीवनीची मुलगी. … बरी आहे आई. तुम्ही दिलेल्या मशीनवरच बसलीये, आवाज येत असेल तुम्हाला. … नाही, अंकल, आधी थँक्यू म्हणायचंय. तुम्ही स्वतः दोन दिवस आमच्या घरातला चिखल उपसलात. सगळ्यांच्या आधी गरम खिचडी तुमचीच आली. आई ते कधी विसरणार नाही, मी पण नाही. …

… रविवारी? यादीत नाव आहे? … बाप्तिस्मा. … थांबा हं, विचारते. आई! अंकल विचारतायत, रविवारी नदीवर… हो, पाण्यात उतरायचं… अंकल, ती नाही म्हणते. … नाही, घाबरून नाही. ती म्हणते, तुमच्याबरोबर हॉलमध्ये बसून प्रार्थना करेन, चांगली असते. पण तिचा देव तिनं बदललेला नाही, तसं ती बोललीच नव्हती.

… मग मशीन परत हवंय का, अंकल? सरळ सांगा. … नाही, चिडू नका ना, मी उगाच नाही विचारलं. आमच्या गणपती मंडळाची मुलं पण येऊन गेली. म्हणाली, ते मशीन परत करा, आम्ही नवं देतो. फक्त परत करतानाचा एक छोटासा व्हिडिओ हवा! … हो, हसलोच आम्ही पण. आईनं त्यांना चहा पाजून पाठवून दिलं. … थँक्यू. मला वाटलंच होतं तुम्ही असं म्हणाल. आई, मशीन आपलंच आहे!

… पण अंकल, किसनमामाचं काय? … डिलीट नको. … नको, कारण चाळीस हजार लोकांनी बघून झालंय. डिलीट केलं तर त्याला वाटेल आम्ही लपवलं. नाव परत टाका. … अंकल, दहावीचा व्याकरणाचा साधा नियम आहे, सर्वनामाच्या आधी नाम लागतं. नाहीतर ‘तो’ कोण ते कळणार कसं?

… देवानंच पाठवलं असेल त्याला? असेल ना, अंकल! मी नाही म्हणत नाही. पण कुणाला पाठवलं? त्याचं नाव सांगायला नको का? …

… थांबा हं अंकल, आई काहीतरी म्हणतेय. … ती म्हणते, नाव टाकायला वेळ नसेल तर ती रविवारी परत येते. किसनमामाला घेऊन. सगळ्यांसमोर पूर्ण चौदा मिनिटांची साक्ष देते. तेव्हाची साक्ष पंचनाम्याची, ही खरी. … नाही, नाही, धमकी नाही, ती हसतेय.

… आज? आजच करते जिज्ञासा? … हो, सांगा, मी नाव सांगते, तुम्ही लिहा. किसन. … नाही, कृष्णा नाही, किसन. … हो, म्हणजे अर्थ तोच. कृष्णच. … आता काय करणार, अंकल, त्याच्या आईनं ठेवलंय! … नुसतं ‘एक भाऊ’ नाही चालणार. … ‘एक रिक्षावाला’ पण नाही. नावच लिहा.

… लिहिलंत? सोनेरीत? … बरं, वाचून दाखवा ना एकदा. थांबा, स्पीकरवर टाकते. आई, मशीन थांबव. किसनमामा, ओ किसनमामा! जरा खिडकीत ये. … अरे, ये तर. काही नाही, ऐकायचंय फक्त.

… हं अंकल. आला तो. वाचा.

…

… परत एकदा वाचता का, प्लीज? तो म्हणतोय, त्याला नीट ऐकू नाही आलं.