ओल्या फांद्यांची चूल

नळाच्या रांगेत माझ्यापुढं गिरणीतल्या दोघी उभ्या होत्या, बजाबाई आणि सारजाबाई.

“काल वैरागला लेकीला भेटून आलीस व्हय, बजाबाई?”

“कुटलं! रविवारी गिरणीच्या बाईसाहेब आमच्या खात्यातल्या बायकांस्नी रानात न्हेत्यात. निसर्ग शिकवत्यात. न्हाई गेलं की सोमवारचा खाडा मांडत्यात.”

“आगं, रानातनंच आलोय की आपण! काय शिकवलं?”

“उघड्यावर चूल पेटवायची. बाईसाहेबांनी ओल्या फांद्या रचल्या आन् बसल्या फुकत. निस्ता धूर.”

“मग सांगायचं की!”

“लई दम धरला. सांगितलं की आपल्याच गळ्यात पडतंय. पर त्या खोकून खोकून रडकुंडीला आल्या, मला बघवंना. वाळकी काटकं घातली, एका फुंकरीत पेटलं.”

“झालीस मास्तरीण!”

“झाले की. आता दर रविवारी मीच शिकवायचं, तासभर आदी जाऊन.”

“आन् लेक? पाच वर्साची पोर ती, आजीजवळ वाट बघत आसंल.”

“मोटारवाल्याकडं निरोप धाडलाय, आय आजारी हाय म्हणून.”

“खोटं कशाला?”

“मग काय सांगू? तुला सोडून आय रानात हिंडतीया म्हणू?”