जुन्या सर्व्हरमधली ओळ

नाही, किल्ली माझ्याकडेच आहे, ताई, देतो ना — घेऊन कुठं पळून चाललोय. तुम्ही बसा आधी, जिने चढून आलात. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. या खोक्यावर बसा, नव्या सर्व्हरचं खोकं आहे, मोडायचं नाही. कागद बघू. 'डिस्क पुसून यंत्र भंगारात द्यावे' — बरोबर, मोठ्या साहेबांचीच सही. येतं मला वाचता, हळूहळू येतं, सातवीपर्यंत गेलो होतो. आजच पुसायचं का? म्हणजे सोमवारी नाही चालणार? — नाही, माझी कसली हरकत, शिपायाची हरकत कोण विचारतं. आपलं विचारलं. आणि पुसलं की आत काहीच राहत नाही ना? कोणी हुशार माणूस आणून बसवला तरी? — बरं. बरं.

तुम्ही तारा जोडा तुमच्या, मी बोलतो त्याकडं लक्ष नका देऊ. या हॉस्पिटलात एकतीस वर्षं झाली मला, त्यातली बावीस तळघरात गेली, पेशंटच्या कागदी फायलींत. फायली एका कपाटातून दुसऱ्या कपाटात न्यायचं काम मी इतकं केलंय की डोळे मिटून करीन. त्यात एक खूण असते, ताई — फाईल उचलली की तिथं फट पडते. बोट घालून बघायचं, धूळ नसलेली जागा हाताला लागली की समजायचं, गेली फाईल. फट नाही म्हणजे अजून कोणी नेली नाही. साधी गोष्ट. मग ही यंत्रं आली आणि मला वर आणून बसवलं, का तर म्हणे किल्ल्या सांभाळायला विश्वासाचा माणूस पाहिजे. विश्वासाचा. हं.

ज्या दिवशी इथलं सगळं नव्या सर्व्हरवर नेलं तो मंगळवार. तिघं इंजिनिअर आले होते. मला म्हणाले, मामा, अकराला सगळ्या खिडक्यांवरची नोंद थांबवायची, पुढचे दोन तास इथं कोणी काही लिहिलं तर ते नव्यात जाणार नाही. तुम्ही फिरून सांगा आणि आम्हाला येऊन कळवा. फिरलो. सहाही खिडक्यांवर सांगितलं, सगळ्यांनी हात काढून घेतले, परत येऊन कळवलं, थांबलं म्हणून. खोटं नव्हतं ते — तेव्हा थांबलंच होतं. मग खाली गेलो तर चार नंबरच्या खिडकीपुढं एक मुलगी उभी. म्हणजे लग्नाची असेल, पण मला मुलगीच. धाप लागलेली, हातात एक चुरगळलेली चिठ्ठी. आई तिची सकाळीच वॉर्डात दाखल झालेली, गुरुवारी ऑपरेशन. त्याआधी एक इंजेक्शन देतात, ते त्या बाईंना चालत नव्हतं — आधी एकदा दुसरीकडं दिलं होतं तर श्वास कोंडून मरता मरता वाचल्या. घरी जाऊन ती चिठ्ठी शोधून आणली होती पोरीनं. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, खिडकीवर जाऊन कॉम्प्युटरवर चढवून या, आम्ही तिथलंच बघतो. आणि खिडकी बंद.

दोन तासांनी ये म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं मला. पण तिला घाम फुटलेला, आई वर एकटी — मी तिला पाणी आणून दिलं, ती उभ्यानंच प्यायली, आणि मला राहवलं नाही. खिडकीवरच्या बाईला म्हणालो, एक ओळ आहे, टाक. ती म्हणाली, बंद ठेवायला तुम्हीच सांगून गेलात ना. मी आत वाकून पडद्यावर बघितलं तर सगळी नावं जिथल्या तिथं. एकसुद्धा गेलेलं नाही. फट नाही कुठं. म्हणालो, बघ, अजून नेलं कुठाय त्यांनी, नेलं असतं तर रिकामं दिसलं असतं. — काय हसता? नाही, हसा, हसण्यासारखंच आहे. इथं नेलं तरी जुनं जागेवरच राहतं, नक्कल जाते फक्त, हे मला नंतर कळलं. तिनं ओळ टाकली. मुलगी हात जोडून गेली. आकडे म्हणाल तर दुपारी जुळले बरोबर, इंजिनिअरांनी माझ्यासमोर जुळवले — इकडं जेवढी माणसं तेवढीच तिकडं. माणूस नवं आलंच नव्हतं ना, जुन्याच माणसाच्या पानावर एक ओळ वाढली होती. ओळ कोण मोजतं?

गुरुवारी त्या बाई गेल्या. टेबलावर नेण्याआधीच.

मग चौकशी. लांब टेबल, पलीकडं पाच जण, इकडं खुर्च्या. मुलगी म्हणाली, मी सांगितलं होतं, माझ्यासमोर लिहून घेतलं. त्यांनी नवा कॉम्प्युटर उघडून दाखवला — काही नाही. चिठ्ठी दाखवली तिनं, तर म्हणाले, ही तुमच्या घरात होती हे खरं, पण आम्हाला दाखवली कशावरून? नातेवाइकांनी कल्पना दिली नाही, असं लिहायला घेतलं. मग खिडकीवरच्या बाईला विचारलं, अकरानंतर कोणी आलं होतं का. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या आधी बोललो. म्हणालो, कोणी नाही साहेब, मी स्वतः बंद करून आलो होतो. मग तीही तेच म्हणाली. ती मुलगी ओरडली नाही हो. मला वाटलं होतं ओरडेल. एवढंच म्हणाली, काका, तुम्हीच तर मला पाणी दिलंत. आणि मी म्हणालो — रोज कितीतरी जणांना पाणी देतो, बाई.

असं बोलून गेलो. तोंडातून निघालं पण कसं. घरी गेल्यावर ती माझ्या ताटात भात वाढत होती, वाढता वाढता थांबली, म्हणाली, बाबा, ती ओळ जुन्यात असेल की अजून. त्यानंतर बोललीच नाही माझ्याशी. तीन आठवडे झाले, ताट वाढते, पाणी ठेवते, चिमुरडीकडून निरोप पाठवते — आजोबांना सांग, जेवण झालंय —

कोण म्हणजे? खिडकीवरची. — हो, घरी. आता निघालंच तोंडातून तर लपवून काय करू. सून आहे माझी. मुलगा नाही आता. तो गेल्यावर मीच साहेबांच्या पाया पडून तिला त्या खिडकीवर लावलं, अजून कायम नाही झालेली. तिची काही चूक नाही यात, ताई, काडीची नाही. ती नको म्हणत होती. सासऱ्यानं सांगितलं म्हणून टाकली.

काय म्हणता? त्या बोटाएवढ्या डबीत मावतं? म्हणजे ती एवढी ओळ काढून घेतली, पुसायच्या आधी, तर — कोणाला कळणार नाही? तुम्ही कशाला जोखीम घेता, तुमचं पोट आहे यावर. पण — ती डबी पाकिटात घालून, कुणी टाकली हे न कळता त्या मुलीच्या हातात पडली तर. तिनं सांगितलं होतं एवढं तरी होईल. आई परत नाही येणार, पण तिनं सांगितलं होतं. मी करीन हो ते, पोस्टात टाकून येईन, लांबच्या पोस्टात. तीन आठवडे मी या किल्लीवर हात ठेवून बसलोय ते त्याचसाठी, उघडायचं कसं ते येत नव्हतं. दाखवता का मला आधी? चार नंबरची खिडकी, मंगळवार. थांबा, चष्मा — हं. हेच. याच त्या बाई. आणि ही — 'हे इंजेक्शन देऊ नये. श्वास कोंडतो.' किती स्वच्छ लिहिलंय सुनेनं.

आणि हे खाली काय? अकरा वीस. वेळ आपोआप पडते? बरं, पडू दे वेळ, वेळेचं काही नाही. आणि त्याच्यापुढं हे — हे तर तिचं नाव आहे. पूर्ण. माझ्या मुलाचं नाव मध्ये घालून. तिनं कुठं लिहिलं हे? — जो लिहितो त्याचं येतंच. प्रत्येक ओळीखाली.

तेवढं काढता येतं का, ताई? नाव फक्त. — हो. हो, खरंय. नाव काढलं तर मग ती कोणीही लिहिलेली ओळ झाली. कोण मानणार.

चौकशीत खोटं बोलली म्हणतील. आणि बाई दगावली, म्हणजे पोलीस. आणि चिमुरडी साडेचार वर्षांची.

पुसा.

नाही, विचार झाला माझा. ती डबी ठेवा तुमच्या पिशवीत, मी काही मागितलं नाही, तुम्ही काही दाखवलं नाही. सही कुठं करू? इथं? आणि इथं तारीख. झालं. मी बाहेर थांबतो — नाही, बाहेर नको, बाहेर बाकावर ती मुलगी बसलेली असते, रोज येते, साहेब भेटतील म्हणून. इथंच उभा राहतो, तिकडं तोंड करून. तुम्ही सुरू करा. आणि ताई, आता माझ्याशी बोलू नका.