जाणारी नाव, उभं हरीण

सासरे : वा! हीसुद्धा पाण्यालाच टोचलीस. आता तळ्याला आठवडाभर गुंगी राहणार.

सून : बंदुकीत सरावाची सुई आहे, बाबा. रिकामी.

सासरे : तळ्याचं नशीब. अकरा सुया झाल्या, आणि तरंगणारं पिंप अजून धडधाकट. जनावरांची डॉक्टर ना तू? पिंपांवर उपचार करत नाहीस वाटतं.

सून : गोठ्यातली गाय अशी वरखाली होत नाही. नाव जरा थांबवा ना.

सासरे : थांबवतो की. थांबलेली नाव दिसली की बेटावरचं ते हरीण पाण्यात उडी टाकतं. वनखात्याच्या लोकांनी तीनदा थांबून तेवढंच सिद्ध केलंय. जाणाऱ्या नावेकडे मात्र ते बघत उभं राहतं. आणि पाण्यात असताना गुंगी चढली तर?

सून : बुडेल. ते मला शिकवू नका.

सासरे : आणि मानेत ती शिकाऱ्याच्या फासाची तार घेऊन ते किती दिवस काढेल?

सून : जखमेत रुतलीय. चार दिवस. फार तर पाच.

सासरे : मग बंदूक नावेच्या काठावर टेकवू नकोस. इंजिनाची सगळी थरथर नळीत येते. आणि गुडघे सैल सोड. फोटो काढून घ्यायला उभी राहिल्यासारखी काय ताठ उभी आहेस?

सून : लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, सूनबाईला वाकायचं माहीत नाही.

सासरे : ते स्वभावाबद्दल होतं.

सून : आणि आल्या-गेल्याला सांगत होतात, गुरांना सुया टोचते म्हणून.

सासरे : चुकलंच माझं. कुठे टोचता येते तुला?

सून : शिकवताय की उट्टं काढताय?

सासरे : एका खेपेत दोन्ही होतं. हे बघ, पिंपाच्या मागे नळी पळवू नकोस. लाट नावेला उचलते. वर गेल्यावर नाव क्षणभर अडखळते, खाली जाऊ की नको. तेवढ्यात चाप ओढायचा.

सून : आणि नेमकी मीच अडखळले तर?

सासरे : तर पुन्हा तळ्याला टोचशील. त्याला आता सवय झालीय.

सून : गस्तीच्या नावेवर तीस वर्षं काढलीत. इतकं येतं तर तुम्हीच का नाही मारत?

सासरे : मी मारलं तर तू काय करणार, टाळ्या वाजवणार? भर पुढची सुई.

(तिसऱ्या दिवशी सकाळी. नाव बेटाच्या कडेने चालली आहे.)

सून : हळू बोला. खडकाच्या डावीकडे उभं आहे.

सासरे : किती लांब?

सून : तीसेक पावलं.

सासरे : मग लाट आली की मार... आली! मार!

सून : नाही.

सासरे : का? आमंत्रण पाठवायचं राहिलं का त्याला?

सून : मागचे पाय पाण्यात आहेत. आत्ता लागली तर तिथेच कोसळेल.

सासरे : ...बरं. वळसा घालतो. वेग तोच ठेवतो.

सून : हं. वर आलं. आडवं उभं आहे. आता एक शब्द नको.

सासरे : मी कुठे—

सून : मारली!

सासरे : लागली?

सून : समोरच तर बघत होतात!

सासरे : विचारलं तेवढं सांग.

सून : मांडीत. बरोबर मांडीत! झाडीकडे निघालं... पाय लटपटताहेत... बसलं. बसलं, बाबा! लावा नाव काठाला!

सासरे : ओरड अजून. उठून स्वागताला येईल.

सून : या इकडे. हे फडकं त्याच्या डोळ्यांवर धरा. पक्कड द्या. पक्कड, बाबा, ही कात्री आहे!... निघाली तार. केवढी आत गेली होती. जखम धुतली, आता जागं करणारी सुई दिली. चला, नावेत पळा.

सासरे : या वयात पळवणारी डॉक्टर मिळायलाही भाग्य लागतं. चल, इंजिन सुरू केलं. नाव संथ चालती ठेवतो. इथून बरंय?

सून : बरंय. बाबा, तुम्हाला हरीण दिसलंच नव्हतं ना?

सासरे : ...काठ दिसतो. झाडी दिसते. त्यात काय उभं आहे, ते सगळं धुकं. वर्ष झालं.

सून : आणि तीन दिवस मी तुमच्या नावेत उभी राहून नेम धरतेय!

सासरे : तळं पाठ आहे मला. घरी बोलू नकोस. नाव काढून घेतील.

सून : सोमवारी डोळे दाखवायला जायचं. मी नेणार. मग घरी काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू.

सासरे : गुरांच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालेल?

सून : तुमच्या बाबतीत नक्की चालेल.

सासरे : हं... उठलं का ते?

सून : मान उचलली. पुढचे पाय टेकले... पडलं. थांबा. पुन्हा उठतंय. उभं राहिलं, बाबा.

सासरे : कुठे बघतंय?

सून : आपल्याकडे.